आज्ञाधारक सेवक

प्राथमिक शाळेतील मुलाला संगणक शिकवावयाचा म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. कळफलकावर बोटे फिरविणे, चित्र रंगविणे, खेळ खेळणे या गोष्टी मूल पाहता पाहता आत्मसात करते. त्यासाठी शाळेची फारशी गरज नाही. शाळेने शिकवावयाचे ते निराळेच आहे. संगणक हा सांगितले तेवढेच आणि सांगितले तसेच करणारा सेवक आहे. बऱ्यावाईटाचा विचार त्याला आज्ञा देणाऱ्यानेच करावयाचा असतो. ही जाणीव मुलाच्या मनात रुजविणे, हे त्या शिक्षणाचे पहिले पाऊल होय.

ही जाणीव कशी द्यावी, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. 1967 साली सेमूर पेपर्ट, वॉली फर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला एक यांत्रिक कासव आले. मुलांनी आज्ञा द्यावी आणि कासवाने रेघ ओढीत चालावे! 'पुढे 100 जा, उजवीकडे 90 अंशांत वळ', ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस पूर्ण होतो. परंतु 90 च्या जागी 80 म्हटले, तर कासव तक्रार करीत नाही, की शंका काढीत नाही. ते दर वेळी 80 अंशांतच वळते. चार वळणे मिळून 360 ऐवजी 320 अंशच भरतात आणि आकृतीचे तोंड उघडे राहते. मग मूल आपली आज्ञा पुन्हा तपासते, चूक शोधते आणि सुधारते. चूक लपवून सुटत नाही, शोधल्यानेच सुटते, हा धडा ते नकळत शिकते.

जो सेवक आज्ञेचा हेतू पाहत नाही, तो आज्ञा देणाराही पाहत नाही. अल्लाउद्दिनाच्या गोष्टीत जादूगार फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो आणि जुन्या दिव्यांच्या बदल्यात नवे कोरे दिवे देऊ करतो. घरातील दिव्याचा प्रभाव ठाऊक नसलेली राजकन्या भुलते व तो दिवा त्याच्या हवाली करते. दिवा ज्याच्या हाती, राक्षस त्याचा चाकर! संगणकावरील परवलीचा शब्द म्हणजे असाच दिवा होय. 'तुला बक्षीस लागले आहे, परवलीचा शब्द कळव', असा संदेश धाडणारा भामटा हा त्या फेरीवाल्याचाच वंशज म्हटला पाहिजे.

परवलीचा शब्द किती बळकट असावा, हे साध्या गुणाकाराने समजते. चार अंकांचा संकेत घेतला, तर एकूण 10,000 संकेत संभवतात. यंत्राला ते सारे पडताळून पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. इंग्रजीतील 26 लहान अक्षरांतून आठ अक्षरांचा शब्द बनविला, तर ही संख्या 20,882 कोटींच्या वर जाते आणि पुढील प्रत्येक अक्षरागणिक 26 पट वाढते. मात्र स्वतःचे नाव अगर जन्मतारीख वापरली, तर हे सारे गणित फुकट जाते; कारण ती माहिती ओळखीच्या माणसास आधीच ठाऊक असते. आणि किल्ली आपल्याच हाताने परक्याला दिली, तर भक्कम कुलूपही काय कामाचे?

सावधगिरीचे सारे नियम मुखोद्गत असूनही मूल एखादे दिवशी फसू शकते. जाणती माणसेही फसतात. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. घरी कळले तर बोलणी बसतील, या भीतीने मूल गप्प राहते आणि भामट्याला नेमके हेच हवे असते. एखादे छायाचित्र हाती लागताच तो 'कोणास सांगू नकोस' असा धाक घालतो आणि त्याच्या मागण्या दिवसेंदिवस वाढत जातात. मुलाचे मौन हेच त्याचे शस्त्र असते. अशा वेळी उत्तर देऊ नये, संदेश पुसून टाकू नये आणि विश्वासाच्या वडीलधाऱ्या माणसास तत्काळ सांगावे. भारतात संकटातील मुलाला 1098 या क्रमांकावर साहाय्य मागता येते. पैशांची फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ती जितकी लवकर नोंदवावी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

परंतु हे क्रमांक पाठ करून घेतल्याने शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही. कासवाची वाकडी आकृती पाहून ज्या वर्गात हसू उमटत नाही, 'चला, चूक कोठे आहे ते मिळून पाहू', असे जेथे गुरुजी म्हणतात, त्या वर्गातील मूल फसल्यावर प्रथम गुरुजींकडेच धाव घेईल. जेथे लहान चुकीला शिक्षा होते, तेथे मोठी चूक कोण सांगणार? म्हणूनच संगणकाचे शिक्षण आणि सुरक्षिततेचे शिक्षण हे दोन स्वतंत्र विषय मानता येत नाहीत. चूक निर्भयपणे सांगण्याचे धैर्य मुलाच्या अंगी आणणे, हाच त्या दोहोंचा पाया आहे.