पाण्याचे दोन बंध

चुलीवरील पाण्याला उकळी फुटते, वाफ वर जाते आणि भांडे हळूहळू रिते होते. मग पाणी नाहीसे झाले काय? भांड्यावर थंड झाकण धरावे. त्याच्या आतल्या बाजूस लगेच थेंब जमतात. वाफ हेही पाणीच होय.

पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. त्यांना एकत्र जखडणारे बल रेणूच्या आतले. ते फार बळकट असते. दुसरे बल एका रेणूस शेजारच्या रेणूकडे ओढते. त्यास हायड्रोजन बंध म्हणतात. पहिल्याच्या मानाने तो सुमारे २० पट दुबळा. पाणी उकळताना तुटतो तो हाच. रेणू अभंग राहतो. रेणू फोडावयाचा, तर किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडावा लागतो. तेव्हा दोन्ही वायू निरनिराळे होतात.

परंतु दुबळ्यास क्षुद्र लेखू नये. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड. तरी त्याचे रेणू परस्परांस असे धरून ठेवीत नाहीत, म्हणून तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाण्यास १०० अंश लागतात. हा दुबळा बंध नसता, तर नेहमीच्या तापमानास पाणी वायुरूपच राहिले असते; नदी वाहिली नसती, की विहिरीस पाझर फुटला नसता.