आधी कोण उचलणार?

‘सोसायटीत सभासद दहा आणि पार्किंग तीन. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर आधी कोण उचलणार यावरूनच भांडण! शेवटच्याला उरलंसुरलं मिळतं, हे खरं ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

पहिल्याची शक्यता 3/10, यात वाद नाही. दुसऱ्याचा हिशेब जरा वळणाचा. पहिल्याला पार्किंग लागलं, तर उरलेल्या नऊ चिठ्ठ्यांत दोन पार्किंगच्या. नाही लागलं, तर तीन. म्हणून 3/10 × 2/9 म्हणजे 6/90, आणि 7/10 × 3/9 म्हणजे 21/90. बेरीज 27/90. पुन्हा 3/10च! दहाव्यापर्यंत हे मांडत बसू नका (मी बारावीत बसलो होतो, वहीची पानं गेली). त्यापेक्षा सगळ्यांनी चिठ्ठ्या मुठीत झाकून ठेवल्या आणि एकदम उघडल्या असं समजा. कोण आधी गेलं होतं, याचा मागमूस तरी राहतो का? एकेक चिठ्ठी उघडत गेली की मागच्यांची धाकधूक तेवढी वरखाली होते.

पण या हिशेबात एक अट मुकाट बसलेली असते : चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या हव्यात. ती मोडली की काय होतं, ते अमेरिकेने 1969 मध्ये पाहिलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात कुणाला आधी बोलवायचं, यासाठी 1 डिसेंबरला जन्मतारखांची सोडत निघाली. 366 तारखा, 366 निळ्या कुप्या, काचेची बरणी. पहिली कुपी 14 सप्टेंबरची. बोलावणी पुढे 195व्या क्रमांकापर्यंत गेली. डिसेंबरच्या 31 तारखांपैकी सोळा-सतरा त्यात सापडणं स्वाभाविक होतं, सापडल्या 26! कुप्या महिन्यामागून महिना अशा भरल्या होत्या आणि ढवळणं जेमतेम. गंमत म्हणून सांगावा असा हा किस्सा नाही. पणाला तरुणांचे जीव होते. संख्याशास्त्रज्ञांनी बोंब मारली, तेव्हा 1970 च्या सोडतीत दोन पिंपं आली : एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक.

तेव्हा वाचकहो, उचलायला कितवेही जा. मात्र चिठ्ठ्यांचे कागद आणि घड्या सारख्या आहेत ना, ते आधी पाहा, आणि डबा मिनिटभर तरी जोरात हलवा.