यंत्रं आपल्या अवतीभवती (भाग ७) : मेटल डिटेक्टरच्या जोडीला दुसरं कोणतं?

अंबाबाईच्या दर्शनाला महाद्वारातून जा, घाटी दरवाजानं जा, नाहीतर पूर्व दरवाजानं. सणासुदीला मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. आणि चौकट वाजल्याशिवायही सहसा राहत नाही. नवरात्रात रांगेतल्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, एखादीच्या गळ्यात घरचा जुना साज, हातात पाटल्या, पायात जोडवी, ओटीच्या ताटात पितळेचा करंडा. पुरुषांच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल, कमरेला पट्ट्याचं बक्कल. धातू सगळ्यांच्याच अंगावर, म्हणून यंत्रही सगळ्यांवरच वाजतं. मग रांगेतल्या माणसाला वाटतं, यातून कळतंय तरी काय? कळतं, पण त्यासाठी चौकटीपलीकडे उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातातलं दांडकं लागतं. त्या दुसऱ्या यंत्राविषयी आजचा भाग.

गेल्या भागात मेटल डिटेक्टर चालतो कसा हे आपण पाहिलं. त्यानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. कुणी मंगल कार्यालयवाले, कुणी मंडळाचे कार्यकर्ते, कुणी गूळ पॅकिंगच्या धंद्यातले. आमच्याकडे एक मेटल डिटेक्टर आहे, आता दुसरा घ्यायचाय, तर कोणता घेऊ? दुकानात याचं उत्तर तयार असतं : आहे त्याहून मोठा घ्या, जास्त झोनचा घ्या. मला हे उत्तर पटत नाही. पहिलं यंत्र जिथं आंधळं आहे तिथं ज्याला दिसतं, ते दुसरं यंत्र घ्यावं. पहिल्यासारखंच पण जास्त किमतीचं घेतलं, तर दोघांनाही एकच गोष्ट दिसेल आणि दोघांच्याही नजरेतून एकच गोष्ट निसटेल.

यामागचं शास्त्र थोडक्यात उजळून घेऊ. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह जातो, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूत भोवरी प्रवाह उठवतं, आणि त्या प्रवाहांचं उलट येणारं क्षेत्र यंत्र पकडतं. आता खरी मेख ऐका. वस्तू लहान असेल आणि वेटोळ्याच्या आकाराच्या मानानं लांब असेल, तर क्षेत्र तिच्यापर्यंत पोचताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं आणि परत येतानाही तितकंच कमी होतं. म्हणजे अंतर दुप्पट झालं की इशारा जवळपास ६४ पटींनी मंदावतो. मोठं वेटोळं लांबवर पोचतं, पण बारीक वस्तू त्याच्या लक्षात येत नाही. लहान वेटोळं बारीक वस्तू टिपतं, पण चार बोटांपलीकडे त्याचं फारसं चालत नाही. दोन्ही गुण एकाच वेटोळ्यात आणता येत नाहीत, आणि म्हणूनच दुसऱ्या यंत्राची गरज पडते.

देवळाच्या दारातली चौकट म्हणजे मोठं वेटोळं. माणूस चालत चालत पार होतो आणि धातू डोक्याच्या उंचीला आहे, कमरेला आहे की घोट्यापाशी, एवढं बाजूचे दिवे सांगतात. हे काम चौकट झटपट करते आणि गर्दीत त्याला पर्याय नाही. पण गुडघ्यात बसवलेली धातूची पट्टी आणि त्याच उंचीला लपवलेलं पातं यांतला फरक तिला कळत नाही. शेजारी दुसरी चौकट लावली तर रांग लवकर सरकेल, हा फायदा खरा. फरक मात्र दुसरीलाही कळणार नाही. तिथं दांडकं हवं. ते अंगापासून दोन-तीन बोटांवरून फिरवलं की नेमकं कुठं वाजतं ते समजतं, आणि मग विचारता येतं, हात लावून पाहता येतं.

दांडकं घेताना मी पहिल्यांदा पाहीन ती थरथर. नवरात्रात महाद्वारावर घंटा, गर्दीचा गलबला, लाऊडस्पीकर. त्यात दांडक्याची बारीक शिट्टी कुणाला ऐकू येणार? मुठीत जाणवेल अशी थरथर असलेलं दांडकंच अशा जागी कामाचं. शिवाय समोरच्या बाईवर दांडकं वाजलं म्हणून शंभर माणसांनी तिच्याकडे वळून पाहावं, हेही टळतं. दुसरं, संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचं बटण. ते नसेल तर दांडकं बांगडीवरही वाजेल आणि साडीच्या पिनेवरही, आणि तासाभरात तपासणारी हवालदार त्याकडे लक्ष देणं सोडून देईल. तिसरं, बॅटरी उतरली की दांडकं तसं स्पष्ट सांगतं का? गप्प बसलेलं दांडकं बंद आहे की समोर धातूच नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही. शेवटचं यंत्रात नाही, व्यवस्थेत आहे : बायकांची तपासणी बाईनंच, आडोशाला. दांडकी दोन घेतली आणि आडोसा एकच उभारला, तर दुसरं दांडकं घेऊन काय मिळवलं?

चौकट कुठं उभी करता यालाही तेवढंच महत्त्व आहे. गर्दी आवरायला लावलेले लोखंडी बॅरिकेड तिला चिकटून उभे असतील आणि माणसांच्या धक्क्यानं हलत असतील, तर कुणी आत शिरलं नसतानाही ती वाजेल. ही अडचण या यंत्राइतकीच जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात अडकली होती. ती शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं विद्युत यंत्र घेऊन आले. पलंगाच्या गादीखालच्या धातूच्या स्प्रिंगांनी त्यांच्या यंत्राला भुलवलं. डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूलाच घेऊ दिला, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्र चुकीचं नव्हतं, त्याच्या आजूबाजूचं लोखंड आणि शोधायची जागा चुकली होती. आपल्या दारातल्या चौकटीभोवती काय काय उभं आहे, हे दुसरं यंत्र घेण्याआधी एकदा फिरून पाहा. कधी कधी बॅरिकेड हातभर लांब सरकवले की दुसऱ्या यंत्राची गरजच उरत नाही.

आता गुळाकडे वळू. शाहू मार्केट यार्डातला ३० किलोचा रवा आपल्या ओळखीचा आहे. पण आता एक किलोच्या ढेपा, वड्या आणि पावडर भरून परगावी, परदेशी पाठवणारे कारखानेही आहेत, आणि त्यांच्या पट्ट्यावर मेटल डिटेक्टर असतो. असलाच पाहिजे. ऊस घाण्यात चिरडला जातो, रस काहिलीत उकळतो, गुळव्या तो ढवळत राहतो, मग साचे, खरवडणी, दळण. या प्रवासात कुठला तरी बोल्ट झिजतो, जाळीची तार तुटते. आणि तो गूळ कुणा लहान मुलाच्या हातात चिक्की होऊन पडणार असतो.

इथं दुसरं यंत्र निवडताना धातू कोणता, हा पहिला प्रश्न. लोखंड सापडायला सोपं, कारण ते चुंबकालाही प्रतिसाद देतं. स्टेनलेस स्टील अवघड. ३०४ किंवा ३१६ प्रतीचं स्टील चुंबकाला जवळपास दाद देत नाही आणि वीजही फारशी वाहून नेत नाही. दीड मिलिमीटरची लोखंडी गोळी पकडणाऱ्या यंत्राला स्टेनलेसची गोळी दोन-अडीच मिलिमीटरची झाल्याशिवाय दिसत नाही, असा सर्रास अनुभव. आणि अन्नाच्या कारखान्यात चाळण्या, पाती, भांडी सगळी आता स्टेनलेसचीच! त्यात गूळ ओलसर आणि क्षारयुक्त. तो स्वतःच थोडी वीज वाहतो, म्हणून यंत्राला गुळातूनच धातूसारखा इशारा येतो, आणि तो दाबायला संवेदनशीलता उतरवावी लागते.

पट्ट्याच्या शेवटी मोठ्या तोंडाचा डिटेक्टर असेल आणि त्याखालून पेट्या जात असतील, तर दुसरा डिटेक्टर पेट्यांवर नको. तो अलीकडे, पावडर नळीतून खाली पडते तिथं, लहान तोंडाचा हवा. तोंड लहान म्हणजे वेटोळं लहान, म्हणजे बारीक तुकडा पकडण्याची शक्यता जास्त. पावडर ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात भरली जात असेल तर हे फार गरजेचं, कारण फॉइल हाच धातू, आणि बंद पाकीट नेहमीच्या डिटेक्टरखाली तपासताच येत नाही. त्याच्याही अलीकडे ताकदीचा चुंबक बसवा. लोखंडाचा कीस तो ओढून घेतो, आणि रोज त्याच्यावर काय जमलं हे पाहिलं की कुठलं यंत्र झिजतंय तेही कळतं. डिटेक्टर पाकीट बाजूला काढतो, चुंबक आजार कुठं आहे ते दाखवतो. एकाच दमात दोन्ही परवडत नसतील, तर मी आधी चुंबक घेईन.

जमिनीवर फिरवायच्या डिटेक्टरांची गोष्ट वेगळी. डांबराखाली गाडला गेलेला पाण्याचा व्हॉल्व्ह शोधणारा माणूस, बॉम्बशोधक पथक, आपल्याच शेतात पडलेली अंगठी धुंडाळणारा शेतकरी, असे त्यांचे रास्त वापरकर्ते. इथं मातीच अडथळा आणते. पन्हाळा, राधानगरी, शाहूवाडीकडे जांभा दगड आहे, त्यात लोहाचे ऑक्साइड भरपूर. खाली काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे कण. साधा, कमी वारंवारतेवर सतत चालणारा डिटेक्टर अशा जमिनीत मातीवरच वाजत राहतो. अशा यंत्राला जोड म्हणून स्पंदनावर चालणारा डिटेक्टर बरा. तो प्रवाहाचा ठोका देतो, थांबतो आणि मग ऐकतो, म्हणून मातीचा गोंगाट त्याला कमी ऐकू येतो. मात्र लोखंड कोणतं आणि चांदी कोणती हे त्याला नीट सांगता येत नाही. ती ओळख पहिल्याकडून घ्यावी. बिडाच्या झाकणांचंच काम असेल तर निव्वळ लोखंड ओळखणारं चुंबकीय शोधक यंत्र सोयीचं, फक्त काळ्या पाषाणावर तेही थोडं भुलतं. आणि खड्डा खणल्यावर बोटभर जाडीचं, हातात धरायचं टोकदार शोधक असलं, की मुठीएवढ्या मातीत वस्तू कुठं आहे ते लगेच सापडतं. लहान वेटोळ्याचाच हा गुण.

पण हे यंत्र गुप्तधनासाठी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून स्पष्ट लिहितो. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९५८ च्या कायद्यानं संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि पन्हाळा तर २०२५ पासून जागतिक वारशातही आहे. गुप्तधनाच्या नावानं होणाऱ्या अघोरी कृत्यांवर महाराष्ट्राचा २०१३ चा कायदाही आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ब्रह्मपुरी आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकडीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आपल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं थराथरानं उत्खनन केलं, म्हणून सातवाहन काळातल्या कोल्हापूरची घरं, भांडी, नाणी एकमेकांशी जोडता आली आणि रोमी जगाशी आपला संबंध समजला. डिटेक्टरवर वाजलं म्हणून कुणी रातोरात तेवढाच धातू उपसला असता, तर हातात मूर्ती आली असती आणि तिच्याभोवतीचं गाव कायमचं गेलं असतं.

याच लोभावर खोटी यंत्रंही विकली जातात : हातात धरायची तांब्याची कांडी, शंभर मीटरवरचं सोनं दाखवते म्हणे. वर सांगितलेला अंतराचा हिशेब आठवा, असं होऊच शकत नाही. हा खेळ किती भयंकर ठरू शकतो याचं उदाहरण इराकमध्ये घडलं. एडीई ६५१ नावाचा ‘बॉम्बशोधक’ तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरला गेला. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका थट्टेच्या वस्तूवर तो बेतलेला होता, आत चालणारं काहीच नव्हतं. त्यावर विसंबलेल्या नाक्यांतून स्फोटकं पार झाली, माणसं मेली. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली.

म्हणून दुसरं यंत्र घेताना नमुना आपला घेऊन जा. देवळासाठी पातं, गुळासाठी आपल्याच चाळणीची तुटकी तार, व्हॉल्व्हसाठी बिडाचं झाकण. तो नमुना विक्रेत्याच्या नकळत, तिसऱ्या माणसानं, आपल्याच जागेत आणि आपलं पहिलं यंत्र चालू असताना लपवावा. दहा वेळा लपवा, दोन-तीनदा काहीच न लपवता यंत्र फिरवायला सांगा, आणि प्रत्येक वेळचं उत्तर विक्रेत्यासमोरच कागदावर लिहून घ्या. हे करायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

(पुढच्या भागात : सामान तपासणारं एक्स-रे यंत्र)