मोबाइलवर झकास, कागदावर धूसर? चित्र छापण्याआधी करा पिक्सेलचा हिशेब

टॅबवर काढलेले चित्र स्क्रीनवर देखणे दिसते. पण ए-३ आकारात छापले की रेषांच्या कडा फुटतात. आठवडाभराची मेहनत आणि छपाईचा खर्च, दोन्ही वाया. कारण एकच : पिक्सेल कमी पडतात.

किती पिक्सेल हवेत?
हातात घेऊन पाहायच्या चित्रासाठी साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल धरतात. कागदाची लांबी-रुंदी इंचांत मोजा आणि ३०० ने गुणा. ए-४ ला २४८० बाय ३५०८, तर ए-३ ला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. सोशल मीडियासाठी केलेले १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र या हिशेबाने जेमतेम ३.६ इंच रुंद छापता येते. लांबून पाहायच्या फ्लेक्सला इंचाला १०० पिक्सेलही चालतात.

डीपीआय वाढवून भागेल?
नाही. फाइलमधील ७२ हा आकडा बदलून ३०० केला, तरी पिक्सेल तेवढेच राहतात. चित्र ताणून मोठे केल्यास सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरते. मूळ बारकावे त्यात नसतात.

त्यामुळे कॅनव्हासचा आकार पहिली रेष ओढण्याआधीच ठरवावा. छापखान्याला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर फोटो म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास चित्राचे पिक्सेल घटू शकतात.