सुतारकामापासून प्रित्झ्कर पुरस्कारापर्यंत

सुतार, गवंडी, कुंभार किंवा वेल्डर यांच्या घरात मुलगा दहावीला आला की एक प्रश्न हमखास निघतो. त्याला बापाच्या कामाला लावायचे की पुढे शिकवायचे? बहुतेक घरांत या दोन वाटा वेगळ्या मानल्या जातात. दिएबेदो फ्रान्सिस केरे या वास्तुविशारदाने हातातला हुन्नर आणि शिक्षण यांची सांगड घातली. आज त्यांचे कार्यालय बर्लिन शहरात असून आफ्रिका, युरोप आणि अमेरिकेत त्यांनी बांधकामे केली आहेत. कारागीर वर्गाने त्यांची वाटचाल जरूर समजून घ्यावी अशी आहे.

दिवसा रंधा, रात्री पुस्तक

केरे यांचा जन्म १९६५ साली पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात, गांदो नावाच्या खेड्यात झाला. वडील गावचे प्रमुख होते, पण गावात शाळा नव्हती. सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना घर सोडून दुसऱ्या गावी जावे लागले. तिथली शाळा सिमेंटच्या विटांची, हवा न खेळणारी. एका वर्गात शंभराहून अधिक मुले दाटीवाटीने बसत.

पुढे ते सुतारकाम शिकले आणि १९८५ साली त्याच कामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीत गेले. दिवसा छपराचे आणि फर्निचरचे काम शिकायचे, रात्री शाळेत बसून राहिलेले शिक्षण पुरे करायचे, असा त्यांचा क्रम होता. १९९५ साली त्यांना बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. वास्तुकलेची पदवी हाती आली ती २००४ साली, म्हणजे गाव सोडून जर्मनीत आल्यावर तब्बल १९ वर्षांनी. वय होते ३९. झटपट यशाची ही गोष्ट नाही, हे ध्यानात घ्यावे.

पदवीआधी पहिले काम

विद्यार्थी असतानाच, १९९८ साली, गांदोत शाळा बांधण्यासाठी त्यांनी एक संस्था काढली. मित्रांना चहापाणी आणि सिगारेटचे पैसे वाचवून देणगी द्यायला सांगितले. शाळा मातीची बांधायची म्हटल्यावर मात गावकरी नाराज झाले. जर्मनीत इतकी वर्षे शिकून आलास आणि मातीचेच घर बांधतोस? त्यांची शंका रास्त होती, कारण मातीच्या भिंती पावसात ढासळतात हे त्यांनी जन्मभर पाहिले होते.

केरे यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळले, ती साच्यात दाबून पक्क्या विटा पाडल्या आणि भिंतींना पावसापासून वाचवणारे रुंद छप्पर दिले. पत्र्याखाली बसणे म्हणजे भट्टीत बसणे, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून त्यांनी पत्रा थेट भिंतीवर टेकवला नाही. वर्गावर आधी विटांचे, फटी ठेवलेले छत घातले आणि त्याच्या बरेच वर पत्रा उचलून धरला. वर्गातली गरम हवा फटींतून वर जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून वाहणारा वारा ती बाहेर नेतो. विजेशिवाय, पंख्याशिवाय वर्ग थंड राहतो.

पत्रा पेलायला मोठ्या लोखंडी कैच्या हव्या होत्या, पण खेड्यात त्या आणणार कशा? क्रेन तर नव्हतीच. तेव्हा बांधकामाच्या साध्या सळया जागेवरच कापून, वेल्डिंग करून कैच्या तयार केल्या. गावातल्या माणसांना हातकरवत आणि लहान वेल्डिंग मशीन चालवायला शिकवले, एवढेच भांडवल पुरले. जमीन धुमसून घोटायचे काम गावातल्या बायांनी दगडांनी केले. २००१ साली शाळा उभी राहिली. सुरुवातीला १२० मुले होती, पुढे विस्तार होऊन ही संख्या ७०० वर गेली.

मान कारागिरांचाही

२००४ साली या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मुस्लिम समाज राहतो त्या प्रदेशांतील चांगल्या बांधकामांसाठी हा पुरस्कार १९७७ साली सुरू झाला. केवळ नकाशा काढणाऱ्याचा नव्हे, तर गवंडी, कारागीर आणि बांधून घेणारे यांचाही त्यात मान राखला जातो. २००५ साली केरे यांनी बर्लिनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले.

त्यानंतर कामे वाढत गेली. बुर्किना फासोतील कुदुगू येथे २०१६ साली त्यांनी जांभ्या दगडाची माध्यमिक शाळा बांधली. कोकणातील वाचकांना हा दगड परका नाही. खाणीतून चिरा काढायचा आणि हवेत तो कडक होऊ द्यायचा, ही तीच पद्धत. गांदोच्या ग्रंथालयासाठी गावच्या बायांनी घडवलेली मडकी कापून छतात बसवली, त्यांच्या तोंडातून उजेड आणि हवा येते. लंडनच्या सर्पेंटाइन उद्यानातील २०१७ चा मंडप, केनियातील २०२१ चे तंत्रशिक्षण संकुल, बेनिन देशाच्या संसद भवनाचा आराखडा ही त्यांची आणखी कामे. २०२२ साली वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना तो २०१८ साली मिळाला होता.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, केरे यांनी सुतारकाम सोडून शिक्षण घेतले नाही, सुतारकामाच्या पायावर घेतले. कोणता सांधा किती भार घेतो हे ज्याच्या हाताला कळते, त्याचा नकाशा कागदावरच राहत नाही. मुलाला डिप्लोमाला किंवा आयटीआयला घालताना कारखान्यातले संध्याकाळचे दोन तास बंद करू नका. तीही तालीमच आहे.

दुसरी, जवळ मिळणाऱ्या मालाला कमी लेखू नका. गांदोत माती सर्वांकडे होती, तिचा नवा उपयोग एकाला सुचला. गिऱ्हाईक शंका घेईल, तेव्हा वाद घालण्यापेक्षा नमुना बांधून दाखवावा.

तिसरी गोष्ट मोठ्या ठेकेदारांसाठी. गांदोत जे मजूर म्हणून आले ते वीट पाडणे, करवत चालवणे आणि वेल्डिंग शिकून गेले आणि पुढे इतर ठिकाणी त्या कामावर कमाई करू लागले. आपल्या हाताखालचा पोरगा पाच वर्षांनंतरही फक्त घमेलेच उचलत असेल, तर त्यात त्याचे नुकसान आहेच, पण आपल्यालाही पुढच्या मोठ्या कामाला माणूस मिळणार नाही.