रक्त कमी आहे, पण कशामुळे?

लेकरू लवकर दमतं, डोळे पिवळसर दिसतात, रात्री हातपाय दुखतात म्हणून रडतं. महागावहून यवतमाळला न्यायचं तर वेचणीची मजुरी बुडते. म्हणून आधी मोबाइल उघडला जातो आणि त्याला विचारलं जातं, "रक्त वाढवायचे उपाय". लगेच बीट, गूळ, डाळिंब, लोहाच्या गोळ्या समोर येतात आणि शेवटी एक नंबर, 'पावडर घरपोच मिळेल'.

यातलं सगळंच खोटं नसतं, हीच खरी अडचण आहे. लोह कमी असेल तर लोह लागतंच. पण आपल्या विदर्भात, आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात सिकलसेल आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच त्याची नोंद केली होती. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसांत फुटते. म्हणजे रक्त तयार होतं, पण टिकत नाही. लोहाने पेशीचा विळ्यासारखा आकार बदलत नाही. उलट वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. ते आणखी वाढलं तर यकृताला आणि हृदयाला बाधतं.

तेव्हा शोध घेण्याआधी हातात रिपोर्ट हवा. सोल्युबिलिटी चाचणीतून सिकलचा दोष आहे की नाही एवढंच कळतं. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी सांगते. नुसतं 'हिमोग्लोबिन ७' लिहून शोधलंत तर दुसऱ्याच आजाराचं उत्तर मिळायचं.

दुसरं अर्धसत्य हायड्रॉक्सियुरियाबद्दल. 'हे तर कॅन्सरचं औषध' असं ऐकलं की माणूस घाबरून गोळी बंद करतो. ते काही कॅन्सरमध्ये वापरतात, हे खरंच आहे. पण सिकलसेलमध्ये त्याने बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि वेदनेचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यायचं. गर्भारपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

'सिकलसेल मुळापासून बरा' ही बातमीही पूर्ण खोटी नाही. योग्य दाता मिळाला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही रुग्ण बरे होतात. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुक-उपचाराला मान्यता दिली, त्याची तिथली किंमत २२ लाख डॉलर. म्हणजे तीन महिन्यांच्या पावडरीत बरं करून देणारा काय विकतो, ते समजून घ्या. सांगणाराच विकणारा असेल तर तिथेच थांबावं. व्हिडिओवर तारीख आहे का, बोलणाऱ्याचं नाव आणि शिक्षण दिलंय का, तीच गोष्ट सरकारी संकेतस्थळावर सापडते का, हे बघावं. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तेही नीट वाचावं, कारण मधे कुठेतरी 'जीओव्ही' घुसडलेले पत्तेही असतात.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितलं होतं, ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावर काही मानू नका. व्हॉट्सॲपवर मामाने पाठवलं, हे त्याच यादीत बसतं.

आणि 'हा अमुक जातीचा रोग' असं कुणी पसरवत असेल तर तेही तपासा. हाच आजार आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. जिथे मलेरिया फार होता तिथे वाहक जास्त जगले, म्हणून हा दोष टिकून राहिला. वाहक म्हणजे रोगी नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेऐवजी रिपोर्ट मागा. जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते, आशाताईंना विचारा.

एसएस लेकराला १०१ च्या वर ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा पोट डाव्या बाजूला फुगून लेकरू पांढरंफटक पडलं, तर काही शोधत बसू नका. १०८ लावा आणि निघताना रिपोर्ट सोबत घ्या.