पॉइंट घासायचे की चिप बसवायची?

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी मालकांनी मात्र कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या कितीतरी 'फियाट' अजून जपल्या आहेत. त्यांची तक्रारही ठरलेली असते. सकाळी गाडी लवकर लागत नाही, घाटात दम टाकते. मेकॅनिक पॉइंट घासून देतो, महिनाभर बरे चालते आणि पुन्हा तेच. अशा मालकांपुढे आता प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा पर्याय आहे. त्याने नेमके काय बदलते?

ठिणगीची वेळ का महत्त्वाची?

सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. त्याला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक जेमतेम १० अंश फिरतो. ३००० फेऱ्यांवर तो ३६ अंश फिरून मोकळा होतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. यालाच मेकॅनिक 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात. सपाट रस्त्यावर पाय हलका असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते, ते सावकाश जळते, तेव्हा ठिणगी आणखी आधी हवी. घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ती थोडी मागे घ्यावी लागते.

जुन्या गाडीत हे सगळे डिस्ट्रिब्युटर करतो. पॉइंट आणि कॉइलची ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास विकसित केली. वेगानुसार बाहेर फेकली जाणारी दोन छोटी वजने, त्यांना धरणाऱ्या स्प्रिंगा आणि लोडनुसार हलणारी व्हॅक्युमची डबी, एवढ्यावर सगळा हिशेब. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, हे लक्षात घेतले तर त्या कारागिरीला दादच द्यावी लागेल. पण वस्तू झिजते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. स्प्रिंगा सैल झाल्या की ती नको तेवढी लवकर पडते. शाफ्टमध्ये खेळ आला, तर चारही सिलिंडरची वेळ वेगवेगळी होते. तिथे पॉइंट घासून काय होणार?

बाजारात 'इलेक्ट्रॉनिक इग्निशन' म्हणून जे स्वस्त किट मिळते, ते बहुतेक वेळा फक्त पॉइंटच्या जागी सेन्सर बसवते. वजने आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात. प्रोग्रॅम करता येणाऱ्या यंत्रणेत त्यांचीही सुट्टी होते. किती फेऱ्यांना, किती लोडला, किती अंश, याचा तक्ताच चिपमध्ये भरला जातो. एक मार्ग म्हणजे नेदरलँड्सच्या '१२३'सारखा तयार डिस्ट्रिब्युटर. तो जुन्याच्या जागी बसतो आणि त्याच्या काही मॉडेलमध्ये तक्ता मोबाइलवरून ब्लूटूथने बदलता येतो. दुसरा मार्ग खटपटीचा. क्रँकच्या पुलीवर ३६ पैकी एक दात काढलेले चाक बसवायचे. दर दाताला १० अंश, आणि रिकाम्या जागेवरून कंट्रोलरला क्रँकची स्थिती कळते. 'स्पीडुइनो'सारखे खुले प्रकल्प याच वाटेने जातात.

धोका कुठे आहे?

तक्त्यात. इंटरनेटवरून दुसऱ्याचा तक्ता उचलून भरणे हा इंजिन मोडण्याचा सोपा मार्ग आहे. ठिणगी फार लवकर पडली की इंजिन ठोकू लागते आणि ते लांबले तर पिस्टनला भोक पडते. जुन्या इंजिनात ठोकणे ओळखणारा सेन्सर नसतो. तुमचे कान हाच सेन्सर. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांपासून सुरुवात करावी आणि टायमिंग लाइटने पुलीवरच्या खुणेशी ताडून पाहावे. त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन आजच्यापेक्षा कमी असे. म्हणून अ‍ॅडव्हान्स वाढवायला थोडी जागा मिळते, पण एका वेळी एक-दोन अंशच.

जोडणीतही खाचखळगे आहेत. कॉइलचा रेझिस्टन्स किटला चालणारा हवा, नाहीतर मॉड्यूल जळते. प्लगच्या वायरी तांब्याच्या साध्या नकोत, रेझिस्टन्स असलेल्या हव्यात. नाहीतर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने चिप गोंधळते. गाडीत डायनॅमो असेल आणि बॅटरी म्हातारी, तर आधी तिकडे पैसे घाला. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळले की चिपच झोपते.

कार्बोरेटर गळत असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल, तर यातला कोणताही खर्च वाया. इंजिन धड असेल, तर सकाळची सुरुवात आणि कमी वेगातली चाल सुधारते. अश्वशक्तीचे चमत्कार विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

आणखी एक. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिनातही मोठे बदल चालत नाहीत. त्यामुळे काढलेला डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नका. तेल लावून, कॅप आणि रोटरसह डब्यात ठेवा. महाबळेश्वरच्या वाटेवर मॉड्यूल गेलेच, तर तोच गाडी घरी आणेल.